पांढरी पूड आणि कोरा शेरा

दुपारचं ऊन कलायच्या आत मैदानावरची रांग कोपऱ्यापर्यंत पोचलेली असे. सकाळी साधी दिसणारी जमीन तोवर पांढरीशुभ्र झालेली, आणि पांढरेबाबा ती पूड ब्रशने गोळा करत गर्जत, "तुमची पापं मी मातीत पुरतो, माती ती पांढरी करून परत देते! चिमूटभर जिभेवर ठेवा, औषधं गटारात टाका!"

पाप पांढरं करून मिळण्याची सोय गावात दुसरीकडे नव्हती, त्यामुळे गर्दी हटत नव्हती.

मागे चौकटीत माती परीक्षणाचा अहवाल टांगलेला. बाबा त्याकडे बोट दाखवत. "तपासणीवाल्यांनाही दोष सापडला नाही. बघा, शेऱ्याचा रकाना कोरा!"

तो अहवाल ज्याच्या हातचा, तो तपासनीस आज दोन कुंड्या घेऊन रांगेशेजारी उभा होता. क्षारांचे आकडे त्याने बिनचूक भरले होते. 'अतिक्षारयुक्त' हा एक शब्द तेवढा टाळला होता. लिहिताना टेबलाभोवती सहा भक्त उभे, कशाला वाद?

मग आठवड्यापूर्वी त्याला आपल्या ताईचे पाय दिसले, सुजून टम्म. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर बंद, पूड चालू.

"अगं, कुणाच्या नादी लागलीस?"

"तुझ्याच! तू तपासलीस म्हणून खाल्ली. परक्यावर ठेवते होय मी विश्वास?"

ताई अजून दवाखान्यातच होती. मूत्रपिंडाचं काय ते पंधरवड्याने कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्याने कुंड्या पुढे ठेवल्या. "माती एकच. ही कुंडी आठ दिवस नळाच्या पाण्याच्या ताटलीत होती, ही इथल्या विहिरीच्या."

दुसरीवर पांढरा थर चढला होता.

"माझी कृपा घरोघरी पोचते!" बाबा म्हणाले.

"मग नळाच्या पाण्याशी काय वैर?"

रांगेत हशा पिकला. तपासनीस वाकला, किल्लीने जमीन उकरली. दोन बोटं खोलवर काळी, ओली, चिकट माती.

"हिचा निचरा होत नाही. रोज सकाळी तुम्ही सेवा म्हणून विहिरीच्या मचूळ पाण्याच्या बादल्या ओतता. मातीच्या बारीक छिद्रांतून ते पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं. ऊन पाणी नेतं, मीठ ठेवतं. तेच चाटता. अहवाल माझाच आहे. शेरा मीच गाळला."

रांगेतली एक म्हातारी पुढे आली. "महिनाभर गोळी नाही घेतली मी. आधी का नाही बोललास?"

"घाबरलो, आजी. सहा माणसं होती समोर."

"आणि आम्ही इथे सहाशे!"

तो रांगेकडे वळला. "शिव्या मला द्या, पण डॉक्टरांना आजच दाखवा. आणि कुणी 'तपासलंय' म्हणालं, तर काय निघालं ते विचारा. समजेपर्यंत विचारा. तपासनीस माझ्यासारखा निघाला, तर त्याची कॉलर धरून विचारा."

म्हातारीने मुठीतली पूड झटकली आणि त्याच्याकडे न बघता दवाखान्याची वाट धरली.