निरंजन स्टुलावर का बसला

दुपारी सव्वातीनला चाकणमधल्या एका कंपनीच्या गेटसमोर युनियनचा सेक्रेटरी निरंजन स्टुलावर चढला आणि बोललाच नाही.

सांगायचं एवढंच होतं: करार झाला, निलंबित ज्योतीरामला परत घेणार, फक्त दुसरी शिफ्ट साडेतीनला वेळेवर आत गेली पाहिजे. ती आत गेली की मगच मॅनेजर करारावर सही करणार होता. कॅन्टीनमध्ये तासभर बोलणारा निरंजन गेटवर मात्र पहिल्यांदाच उभा होता. तिथे नेहमी बोलणारे अध्यक्ष गावी गेले होते.

तोंड कोरडं पडलं, गुडघे थरथरू लागले, डोळ्यांत पाणी आलं. पाणी मागायला त्याने हात वर केला, तर गर्दीने घोषणा दिली. तो मटकन स्टुलावर बसला. ठिय्या धरायचा समजून पुढची रांग खाली बसली, मग सगळेच.

"काय झालं रे?"

"न्हाई घेतलं ज्योतीरामला. दिसतंय की तोंडावर."

खजिनदार स्वरूपाने कराराचा कागद घेऊन मोठ्याने वाचला.

"ताई, तुम्ही थांबा," मागून कोणी ओरडलं. "सेक्रेटरीला बोलू द्या. त्याला गप्प कुणी केलं?"

बाटलीभर पाणी प्यायल्यावर निरंजनचा आवाज परतला. "करार झालाय. चांगला आहे. चला आत."

कोणी उठलं नाही.

"आत दम दिला का रे तुला?" ज्योतीरामनेच विचारलं.

"नाही, राव. घाबरलो होतो."

"कुणाला?"

निरंजनने समोर पाहिलं. "तुम्हाला."

हशा पिकला. "आमाला घाबरतोय म्हणं! रोज आमच्याच डब्यातलं खातो की."

"अहो, भीती वाटली की शरीर आपोआप पळायच्या तयारीला लागतं," स्वरूपा म्हणाली. "जीभ हलत नाही, काही सुचत नाही. कुणालाही होतं."

"पण करार चांगला असंल तर पळायचं कशाला?" ज्योतीराम म्हणाला. चिडून नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं.

निरंजनने स्वरूपाकडून कागद मागून घेतला. स्वतः मसुदा केलेला करार तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

पाच वाजता सिक्युरिटीने गेट लावून घेतलं. सहाला दुसरी शिफ्ट बाहेरच बसून होती, निरंजन शेवटच्या पानावर पोचला होता आणि त्या पानावर सही एकच होती, त्याची.