तेवढी चिंधी काढ

मी उंटाच्या गळ्यातली लाकडी घंटा बोलतेय. बोलतेय कसली, पुटपुटतेय. तोंडात चिंधी कोंबलीय ना!

दाहाबो म्हातारीच्या नवऱ्यानं मला बाभळीच्या खोडातून कोरलं. उंट चालला की मी खडखडायची, आपलं जित्राब कुठं आहे ते बिऱ्हाडाला कळायचं. जन्मभर एवढंच काम. दमले आता.

एका दुष्काळात बिऱ्हाड विहिरींकडे निघालं. दाहाबोची नात उबाह शेवटच्या उंटाची दोरी धरून होती, मी त्याच्याच गळ्यात. उंटावर चटया, झोपडीच्या काठ्या आणि मधोमध बांधलेला तिचा तान्हा भाऊ सुबेर. निघतानाच तिनं तरसाचं हसणं ऐकलं होतं. घंटेच्या आवाजावर तो येईल, म्हणून पोरीनं गुपचूप माझ्या तोंडात गवत कोंबलं.

दुपारी लाल धुळीचं वादळ उठलं. पुढचे उंट दिसेनासे झाले. बाळाचा रडून रडून घसा बसला. गवत काढावं तर तरस, न काढावं तर भाऊ तहानेनं जायचा. पोर उंटाच्या मानेला बिलगून उभी होती.

मग तिला आजीचं बोलणं आठवलं. "चुकलीस तर पळू नकोस गं. उभी राहा, अल्लाचं नाव घे, घंटा हलव."

"बिस्मिल्ला," म्हणत तिनं डोळे मिटून गवत उपसलं आणि मला हलवलं. मी वाजले. तशी पुन्हा कधी वाजले नाही.

धुळीतून कुणीतरी आलं. पोरीनं किंकाळी फोडली.

"ओरडतेस काय? तरस दिसते का मी तुला?" दाहाबो होती ती! मग तिला पायाशी पडलेलं गवत दिसलं. "अगं शहाणे, घंटेचं तोंड बांधलंस? अल्ला तारतो, पण मला वाट कोण दाखवणार?"

"भीती वाटत होती, आजी."

"वाटू दे की. मलाही वाटते. दोरी सोडली नाहीस ना? झालं तर."

आता उंट उरले नाहीत. शहराच्या कडेला पत्र्याचं घर, दारात खिळा, खिळ्याला मी, तडा गेलेली. उबाहच आजी झालीय, नजर गेलीय तिची. ती शेजारणीकडून परतत असली की वाऱ्यानं मी खडखडते, त्या आवाजावर ती घर गाठते. आपल्या तान्ह्याची झोपमोड होते म्हणून तिच्या सुनेनं सकाळी माझ्यात चिंधी कोंबली.

सूनबाई, म्हातारी मघाशीच बाहेर पडलीय. वारा सुटलाय, धूळ उठतेय. तेवढी चिंधी काढ. ती घरात आली की मग मला खुशाल चुलीत घाल.