खिंड पार केलेली डेग

मी एक जुनी तांब्याची डेग आहे. शंभर माणसांचा भात एका वेळी शिजवते. मित्रांनो, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तुर्की सुलतानाच्या एका पलटणीसाठी मला घडवलं. तिथे झेंड्याहून मोठा मान माझा. डेग शत्रूच्या हाती लागली, तर पलटणीचं नाक कापलं जाई.

कॉकेशसच्या डोंगरात रशियन फौजेशी आमची गाठ पडली. दुपारपर्यंत आम्ही टिकलो. मग त्यांच्या तोफा कड्यावर चढल्या आणि आमची फळी फुटली. जो तो खिंडीकडे पळू लागला.

"डेग टाक, जीव वाचव!" सरदार ओरडला.

"हुजूर, ही गेली तर उरलेले कुणाभोवती जमतील?" आमचा आचारी यूसुफ म्हणाला.

त्याने मला दांड्याला अडकवलं, दुसरं टोक एका शिपायाने खांद्यावर घेतलं. एक गोळी लागून माझ्या कडेला पोचा पडला, पण खिंड पार झाली. पलीकडे यूसुफने चूल पेटवली. धूर पाहून पांगलेले शिपाई एकेक करून आले. लढाई हरलो होतो, पलटण शिल्लक होती. त्या संध्याकाळचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे सुलतानानेच त्या पलटणी मोडल्या. मी विकली गेले आणि हातोहात फिरत समुद्रापार अमेरिकेत पोचले. टेक्सासमधल्या एका बागेत माझ्यात माती भरून फुलझाडं लावली. तिथल्याच शुगर लँड गावच्या उल्हास आणि पद्मिनीने मला जुन्या सामानाच्या गराज सेलमधून आणलं, तेही दाराशी शोभेला.

२००५ साली वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं. बेघर झालेली कितीतरी कुटुंबं आमच्या घराजवळच्या एका हॉलमध्ये उतरली. त्यांच्यासाठी स्वयंपाक करायला उल्हास-पद्मिनीच्या मराठी मंडळाकडे एवढं मोठं भांडं नव्हतं.

"हिच्यातच शिजवू," पद्मिनी म्हणाली.

"अगं, कल्हई कुठाय? सगळ्यांना फूड पॉइझनिंग होईल!" उल्हास म्हणाला.

"मग कल्हई करू."

त्यांनी मला चिंचेने घासलं, तापवलं, नवसागर टाकून कथील फिरवलं. ते नुसतंच ओघळलं.

"राहू दे यार, पिझ्झा ऑर्डर करू," उल्हास म्हणाला.

पद्मिनीने मला पुन्हा घासायला घेतलं. या वेळी कथील नीट धरलं आणि मी आतून चांदीसारखी उजळले.

"वॉव आई, शी इज ब्यूटिफुल!" त्यांची लेक नीना ओरडली.

सोमवारी माझ्यात राजमा शिजला. एका वृद्ध बाईंनी भाताबरोबर घास घेतला आणि त्या थबकल्या. "आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये दर सोमवारी हेच लाल बीन्स आणि भात असतो," त्या म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी ताट पुन्हा पुढे केलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना नुसतं मिरवू नका. वेळच्या वेळी कल्हई करा, आणि दारात भुकेलं माणूस आलं की आधी आम्हाला चुलीवर चढवा.