कलशात गेलेला पाळणा

रामनवमी तोंडावर आली आणि आमच्या लालबागच्या चाळीतल्या धोंडूभाऊंचा पाळणा हरवला.

पाळणा म्हणजे त्यांच्या आईने, तुळसाकाकींनी गायलेला. संपाच्या वर्षी गिरणी बंद, घरोघरी चूल अर्धीच पेटायची. तरी गिरगावच्या मीराबाई बिदागी न घेता आमच्याकडे कीर्तनाला उभ्या राहिल्या, आणि रामजन्माला तुळसाकाकी पाळणा गायल्या. तेव्हाची कॅसेट मीराबाईंना यंदा माळ्यावर सापडली. त्यांनी गाणं कॉम्प्युटरवर उतरवून ईमेलने धोंडूभाऊंना पाठवलं. यंदा जन्माच्या वेळी तोच आवाज लावायचा ठरला. काकी गेल्या, त्यांचा दुसरा आवाज कुठेच नाही.

सून दुर्गा कॉम्प्युटरवर शोधून थकली. शेवटी तिने विचारलं, ऐकल्यावर ठेवलंत कुठे? धोंडूभाऊंनी पडद्यावरच्या डिलीटच्या पेटीकडे बोट दाखवलं. चाळीच्या दारात निर्माल्याचा कलश असतो, तशीच ही त्यांना वाटलेली. देवाचं काही ऐकून झालं की हात जोडून त्यात सोडायचं. बँकेचे निरोप आणि साड्यांच्या जाहिराती मात्र बाहेर ढिगाने पडलेल्या. कलशात असलं कसं टाकायचं?

"बाबा, तुमचा हा कलश महिना झाला की आपोआप विसर्जन करतो," दुर्गा म्हणाली.

"म्हणजे सासूबाईंना यांनी दुसऱ्यांदा पोचवलं," सखुबाई बोलून गेल्या. मग नवऱ्याचा चेहरा बघून चहा ठेवायला उठल्या.

दुर्गाने मीराबाईंना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या की पाठवलेलं माझ्याकडे तसंच राहतं, पुन्हा पाठवते, फोन जरा भाऊंकडे दे.

"धोंडूभाऊ, हे निर्माल्य नव्हे, सुंठवडा आहे. एकट्याने ठेवायचा नसतो."

रामनवमीला बुक्का लागला, गुलाल उधळला, आणि तुळसाकाकींचा आवाज चाळभर घुमला. पाळण्याची दोरी धोंडूभाऊंच्या हातात तशीच राहिली; सखुबाईंनी मागून हात लावला तेव्हा पाळणा हलला.

संध्याकाळी त्यांनी दुर्गाला शेजारी बसवून पाळणा सगळ्यांना पाठवला. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, बँकेला आणि साडीवाल्यालासुद्धा. दुर्गा अडवायला गेली, तर म्हणाले, "सुंठवडा वाटताना माणूस बघतात काय गो?"