काचेच्या खड्यासमोर नाच

आमच्या काचघरातली ही माशी तांदळाच्या दाण्याएवढी. अंगावर धातूची हिरवी झळाळी, आणि पाय असे लांबलचक की कुणाकडून तरी उसने आणलेत असं वाटावं. दिसते नाजूक, पण पानावरचा मावा बघता बघता फस्त करते. तिचा अभ्यास हे माझं काम, आणि मला हवा होता तिच्या नराचा नाच. मादीसमोर तो पुढचे पाय थरथरवून नाचतो. मला तो ओझरता दिसला होता, कॅमेऱ्यात मात्र एकदाही सापडला नव्हता. त्यात उद्या काचा बदलायच्या म्हणून काचघर रिकामं करणार होते. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

काचा बसवणारा काचवालाही लांब पायांचाच. मापं घ्यायला एक दुपार पुरली असती. हा पठ्ठ्या कितीतरी आठवडे मापंच घेत होता. झाडांची देखभाल माझ्या ताईकडे. ती म्हणायची, एवढ्या मापांत राजवाडा उभा राहिला असता. त्याच्या मनात काय आहे हे साऱ्या घराला ठाऊक होतं, मलाही होतं. मला तो आवडायचा, अगदी वेड्यासारखा आवडायचा. पण नाच हाती लागेपर्यंत दुसरं काही सुचेल तर शपथ.

काचघराचा नियम एकच, सगळं सावकाश करायचं. जरा झटकन हात उचलला की माशी पसार.

शेवटच्या दुपारी मी कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. काचवाला आला आणि नियम पाळत इतका हळूहळू गुडघ्यावर टेकला की त्याचं काहीतरी खाली पडलंय असं मला वाटलं. मग त्याने तळहात पुढे केला. त्यावर तांब्याच्या तारेची अंगठी, आणि तिच्यात त्याने स्वतः घासलेला हिरव्या काचेचा खडा.

"ऐक ना," तो म्हणाला, "मला तुझ्याशी..."

तेवढ्यात नर त्याच्या बोटावर उतरला. खड्याकडे टक लावून पाहिलं आणि पुढचा पाय उचलून थरथरवला.

"हलू नकोस," मी कुजबुजले. "बोलूही नकोस."

खड्याला मादी समजून तो वेडा जीव डावीकडून नाचला, उजवीकडून नाचला. खडा ढिम्म. काचवाल्याच्या नाकावरून घाम ओघळत होता. कुंड्यांमागे ताई तोंड दाबून हसत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही, कारण हा नाच काचेसमोरचा, माझ्या काय कामाचा? नर कंटाळून शेजारच्या पानावर गेला.

त्या पानावर खरी मादी बसली होती.

मी काचवाल्याकडे पाहिलं. बिचाऱ्याचा प्रश्न अर्धाच राहिला होता. त्याने डोळ्यांनीच पानाकडे खूण केली.

"तिकडे बघ," तो हळूच म्हणाला. "मी आहे इथेच."

मी कॅमेरा पानाकडे वळवला. नर पाय थरथरवत होता, मादी जागची हलत नव्हती. कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता मी डावा हात मागे केला.

"घाल," मी म्हणाले. "पण सावकाश."

त्याने ती इतकी सावकाश घातली की माशीला पत्ताही लागला नाही.