जवसाच्या तेलाचा नमुना

एका तेल कंपनीचे मधुकरराव दर महिन्याला मिहानजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत जवसाच्या तेलाचा नमुना आणतात. क्रोमॅटोग्राफ तेलातले घटक वेगळे करून आलेख काढतो. यांच्या आलेखात कधी भेसळीचा मागमूस नाही. एवढी शुद्धता मला खटकायचीच. शेवटी जरीपटका भागातल्या एका दुकानातून त्याच कंपनीची बाटली आणून तपासली, तर अर्ध्याहून जास्त पामतेल. माझं डोकंच फिरलं.

दोन्ही आलेख मी मधुकररावांपुढे आपटले. "हे काय आहे?"

ते जराही दचकले नाहीत. "तुमच्याकडे मी आमच्या घरचं तेल आणतो, मॅडम. गावच्या घाण्यावरचं. तपासायले कोणी खराब माल देते का?"

"आणि कंपनीचं?"

"ते आमी नाही खात."