वाहक क्रमांक सतरा

हे सगळं घडलं १९९६ साली. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते आणि टेलिफोन कंपनीच्या नियोजन विभागात वेगांचा तक्ता सांभाळत होते. माहिती इकडून तिकडे न्यायची साधनं किती, आणि प्रत्येकाचा वेग काय, हे सगळं एकाच मापात मांडायचं. डिस्कवाले मोजणार बाइटमध्ये, टेलिफोनवाले बिटमध्ये, आणि आठ बिटांची एक बाइट. म्हणजे एकजण माळा मोजतो, दुसरा मणी. दोघंही खरं बोलतात आणि रोज भांडतात. त्यांच्यामध्ये मी. तक्त्यात सोळा ओळी होत्या आणि नियम असा, की तक्त्यात नसलेल्या साधनाने कंपनीची माहिती हलवायची नाही. नवी ओळ घालायची तर साहेबांची सही हवी.

साहेबांना आम्ही पाठीमागे ‘अंदाजपंचे’ म्हणायचो. मनाने वाईट नव्हते, पण भागाकार आला की त्यांना तातडीची मीटिंग आठवायची.

त्या शनिवारी नंबर चौकशी विभाग जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जायचा होता. सगळ्या ग्राहकांची नावं आणि नंबर दोन-दोन गिगाबाइटच्या चार डिस्कवर होते. टेपवर एक प्रत होती, पण तीन महिन्यांपूर्वीची. जुन्या इमारतीची लाइन चार वाजता तुटणार होती आणि नव्या इमारतीत पाचला सेवा सुरू करायची होती. ती झाली नाही, तर सगळा विभाग एका खासगी कंत्राटदाराला देऊन टाकू, असं वरून लेखी आलं होतं. त्या विभागात बारा बायका होत्या. त्यातल्या एक माझ्या वन्सं. दोन मुलं पदरात, नवरा नाही.

साहेबांनी जुन्या इमारतीतून लाइनवरून अकराला कॉपी सुरू केली. लाइन दोनची, आठ हजार भागिले दोन, म्हणजे तासाभरात काम फत्ते, असं त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

साडेबाराला पडद्यावर सोळा टक्के दिसत होते.

“डिस्क मंद आहे,” साहेब म्हणाले.

आमचा डिस्कवाला, ज्याला सगळे ‘स्क्रू’ म्हणायचे, तो उसळला. “माझी डिस्क सेकंदाला दहा मेगाबाइट ओकते साहेब! तुमच्या लाइनच्या घशातून उतरत नाही, त्याला मी काय करू?”

“साहेब,” मी म्हटलं, “लाइनचे दोन म्हणजे दोन मेगाबिट. आठाने भागायचं राहिलंय. हे रात्री आठच्या सुमारास संपेल.”

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, मग हळूच रुमालाने दोन्ही रेघा पुसल्या. जणू चूक रेघांचीच होती.

“गाडीतून नेऊ या?” स्क्रू म्हणाला.

“तक्त्यात गाडी आहे का?” साहेबांनी विचारलं. नव्हती.

एवढ्यात सासूबाई डबा घेऊन आल्या. शनिवारी माझा आणि वन्संचा डबा त्याच आणायच्या. वय अडुसष्ट, आवाज कोणत्याही लाइनशिवाय दोन मजले जाणारा. दाराशी उभ्या वन्संचा चेहरा पाहून म्हणाल्या, “काय गं, कोण गेलं?”

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी डिस्क हातात घेऊन तोलली. “एवढंच? मांडीवर घेऊन बसते की टॅक्सीत.”

“आजी, धक्का लागून चालत नाही,” स्क्रू म्हणाला.

“हिच्या नवऱ्याला नऊ महिने न आदळता वाहिलंय मी. त्यानंतर तो आदळला, तो स्वतःच्या कर्तबगारीने.”

मी कागद ओढला. चौसष्ट हजार मेगाबिट, टॅक्सीला चाळीस मिनिटं. सतरावी ओळ लिहिली आणि साहेबांपुढे ठेवली.

“वेग सव्वीस पूर्णांक सदुसष्ट? लाइनच्या तेरापट?” साहेबांचे डोळे विस्फारले. “हे साधन होतं, तर सकाळी का नाही सांगितलंत?”

“आत्ताच आलंय, साहेब. डबा घेऊन.”

त्यांनी सही केली. मग साधनाचं नाव वाचलं: ‘सासूबाई, मांडी, टॅक्सी’. पेन हवेत तसंच राहिलं. पण सही झाली होती.

स्क्रूने कॉपी थांबवली, डिस्क काढून टॉवेलात गुंडाळल्या. एक वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. पुढे स्क्रू, मागे मी, वन्सं आणि मध्ये सासूबाई. प्रत्येक खड्ड्याला त्या दोन्ही हातांनी मांडीवरचं गाठोडं उचलून धरत आणि टॅक्सीवाल्याचा उद्धार करत. “ब्रेक आहे की सूड? हळू मार!” तो इतका हळू झाला, की सायकली पुढे गेल्या. सत्तेचाळीस मिनिटं लागली.

नव्या इमारतीत तीन डिस्क उठल्या, चौथी ढिम्म. चार वाजले, साडेचार वाजले. वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पावणेपाचला स्क्रूने कपाळावर हात मारला. घाईत त्याने दोन डिस्कना एकच क्रमांक दिला होता. त्याने क्रमांक ठरवणारी पिन बदलली आणि चौथी घरघरली. मला तो आवाज अजून आठवतो.

पाचला पहिला फोन वाजला. वन्संनी उचलला. पलीकडे साहेब.

“माझ्या घरचा नंबर सांगा.”

वन्संनी सांगितला.

“हुश्श,” साहेब म्हणाले. “वाहक सुरक्षित आहे का?”

“चहा मागतोय,” वन्सं म्हणाल्या.

सोमवारी मी तक्ता दुरुस्त केला. प्रत्यक्ष वेग बावीस पूर्णांक सात. सासूबाईंना तो कमी वाटला आणि त्यांनी महिनाभर टॅक्सीवाल्याला दोष दिला.

कंत्राटदाराने पुढे हॉटेल काढलं, बरं चाललं म्हणे. साहेब बढती घेऊन मुख्य कार्यालयात गेले. तिथे भागाकार करायला माणूस मिळाला. स्क्रू निवृत्तीनंतर घड्याळं दुरुस्त करायचा, गेल्या वर्षी गेला. सासूबाई २००३ साली झोपेतच गेल्या. चौकशी विभाग पुढे तेरा वर्षं चालला. मग लोकांनी नंबर विचारणंच सोडलं. तोवर वन्संची दोन्ही मुलं कमावती झाली होती. वन्सं आता माझ्याकडेच असतात. आम्ही दोघी दुपारी पत्ते खेळतो. त्या लबाडी करतात.